थैली परत देणाऱ्याला पावती हवी

एका सावकाराची पैशांची थैली हरवली. त्याने गावभर दवंडी पिटली : जो कोणी ती आणून देईल, त्याला शंभर नाणी बक्षीस. थैली एका मजुराला सापडली. घरात चूल पेटायची पंचाईत होती, तरी त्याने ती जशीच्या तशी सावकारापुढे नेऊन ठेवली. सावकाराने नाणी मोजली. आठशे. सगळी बरोबर होती. पण शंभर काढून द्यायची वेळ आली, तशी त्याची जीभ फिरली. ‘थैलीत नऊशे होती. तुझे शंभर तू आधीच काढून घेतलेस, आता चालू लाग,’ तो म्हणाला.

भांडण रब्बीपुढे, म्हणजे ज्यू धर्मपंडितापुढे गेले. रब्बीने सावकाराला विचारले, ‘नऊशेच होती, नक्की?’ सावकार शपथ घ्यायला तयार होता. मग मजुराला विचारले, ‘यातले एखादे तरी नाणे काढलेस का?’ मजूर नाही म्हणाला. रब्बीने दोघांवरही विश्वास ठेवला. सावकाराची थैली नऊशेची, ही आठशेची. म्हणजे ही थैली सावकाराची नव्हे. तिचा खरा धनी येईपर्यंत मजुराने ती सांभाळावी आणि सावकाराने नऊशेची थैली कोणाला सापडते का, याची वाट पाहावी, असा त्याने निवाडा दिला.

आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात. कुठे रब्बीच्या जागी काझी येतो, कुठे राजाचा प्रधान. आपल्याकडे हीच गोष्ट बिरबलाच्या नावावर सहज खपेल. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमधल्या पेत्रुस अल्फोन्सीने पूर्वेकडच्या कथांचा एक लॅटिन संग्रह केला. हा मूळचा ज्यू पंडित. ११०६ साली त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याच्या संग्रहात हरवलेल्या पिशवीत पैशांबरोबर सोन्याचा साप आहे आणि बक्षीस बुडवण्यासाठी धनिक म्हणतो, ‘साप दोन होते.’ पुढे देशोदेशीच्या ज्यूंनी अशा कथा आपापल्या बोलीत सांभाळल्या. डोव्ह नॉय या अभ्यासकाने १९५५ मध्ये हैफा येथे लोककथांचे संग्रहालय सुरू केले. इस्रायलमध्ये आलेल्या लोकांच्या तोंडून टिपलेल्या वीस हजारांहून अधिक कथा आज तिथे आहेत.

मराठी माणसाला हे जग वाटते तितके परके नाही. कोकणात शतकानुशतके राहिलेले बेने इस्रायली ज्यू तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. चेऊलकर, रोहेकर, केहीमकर अशी त्यांची आडनावे गावांवरून पडली. वल्हांडणाच्या सणाला वाचायची ज्यू पोथी १८७४ मध्ये पुण्यात मराठीसह छापली गेली. १८८० मध्ये मुंबईच्या बेने इस्रायलींनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढले आणि बायबलमधली आख्याने टाळ-चिपळ्यांच्या साथीने मराठीत सांगितली. इस्रायलला गेल्यावरही त्यांच्यातल्या काहींनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. त्यामुळे रब्बीचा हा निवाडा कोल्हापूरच्या वाचकापुढे मांडताना फार लांबून काही आणल्यासारखे होत नाही.

गोष्ट ऐकताना आनंद होतो तो सावकार स्वतःच्याच शब्दांत अडकला म्हणून. पण टाळी वाजवून झाल्यावर एक प्रश्न उरतो आणि तो सोडून देण्यासारखा नाही. रब्बी हुशार नसता तर? समजा, त्या जागी दमलेला, घाईतला, नियमाला चिकटून राहणारा एखादा साधा अधिकारी असता. त्याने मजुराला बसवून ठेवले असते, उलटसुलट विचारले असते, ‘शंभर कुठे ठेवलेस?’ म्हणून दरडावले असते. हुशार न्यायाधीश गोष्टीत हमखास भेटतो. गावात भेटेलच याची हमी कोण देणार?

ज्यू परंपरेचे मोठेपण असे की तिने ही हमी हुशारीवर सोडली नाही. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या त्यांच्या धर्मशास्त्राच्या संहितेत सापडलेल्या वस्तूंवर अख्खे प्रकरण आहे. विखुरलेली नाणी सापडली तर ती सापडणाऱ्याची, कारण ती आपलीच हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. तीच नाणी थैलीत असतील तर मात्र जाहीर करायची, कारण थैली ओळखता येते. मालकाने खूण पटवायची. आणि मागणारा लबाड म्हणून ठाऊक असेल, तर त्याने खूण बरोबर सांगितली तरी वस्तू त्याच्या हाती द्यायची नाही. यरुशलेममध्ये यासाठी एक ठरलेली शिळाच होती. ज्याचे हरवले तो आणि ज्याला सापडले तो, दोघेही तिथे जात. एक पुकारा करी, दुसरा खूण सांगून आपली वस्तू नेई.

दोघांनी एकच वस्त्र धरून ओढाताण केली तर काय करायचे, तेही लिहून ठेवले आहे. दोघेही ‘सगळे माझे’ म्हणत असतील तर दोघांनी शपथ घ्यायची आणि अर्धे अर्धे वाटून घ्यायचे. एक ‘सगळे माझे’ आणि दुसरा ‘अर्धे माझे’ म्हणत असेल तर पहिल्याला तीन चतुर्थांश, दुसऱ्याला एक चतुर्थांश. कारण अर्ध्यावर वादच नाही, वाद उरलेल्या अर्ध्यापुरता. हा हिशेब पाहून मनात शंका येते. जास्त मागणाऱ्याला जास्त मिळते, मग हाव धरणाऱ्याचेच फावणार नाही का? त्यासाठी शपथ आहे. देवाच्या नावाने खोटे बोलण्याचे भय ज्या काळात खरे होते, त्या काळात ती पुरत होती. पंचगंगेच्या काठी बांध कोरून भावाच्या उसात दोन हात सरकणाऱ्याला आज ती किती अडवील, हा भाग वेगळा.

या सगळ्यात मौल्यवान नियम मात्र भलत्याच ठिकाणी, घटस्फोटाच्या नियमांच्या प्रकरणात, एका ओळीत येऊन जातो. ज्याला वस्तू सापडली आणि ज्याने ती परत आणली, त्याला शपथ घ्यायला लावायचे नाही. मालक म्हणाला, ‘यात आणखी होते,’ तरीही नाही. कारणही दिले आहे : जगाची घडी नीट राहावी म्हणून. वस्तू परत करणाऱ्याला आरोपीच्या जागी उभे केले, तर उद्या कोणीही रस्त्यावरची थैली उचलून परत करणार नाही. न बघितल्यासारखे करून पुढे जाईल, नाहीतर गुपचूप खिशात घालील. एखादा लबाड यातून सुटेल, हे त्या शास्त्रकारांना कळत नव्हते असे नाही. प्रामाणिक माणसाला छळण्यापेक्षा तो धोका त्यांनी जाणूनबुजून पत्करला. म्हणजे गोष्टीतल्या सावकाराचा डाव कायद्याने आधीच मोडून ठेवला होता. रब्बीने चतुराई केली, पण त्याच्या पाठीशी नियम होता.

आपल्याकडे काय आहे?

शिक्षा आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१४, म्हणजे जुन्या दंडसंहितेचे ४०३, सापडलेली वस्तू अप्रामाणिकपणे स्वतःकडे ठेवणाऱ्याला किमान सहा महिन्यांची कैद सांगते. त्याखालची उदाहरणे मात्र वाचण्यासारखी आहेत. हमरस्त्यावर एक रुपया सापडला आणि तो कोणाचा हे ठाऊक नसेल, तर उचलणारा गुन्हेगार नाही. पैशांची थैली सापडली, मागाहून मालक कळला आणि तरीही ठेवून घेतली, तर गुन्हा. म्हणजे सुटे नाणे आणि थैली यांतला मिश्नामधला फरक इथेही थोड्या निराळ्या रूपात भेटतो.

बक्षिसाचे उत्तरही आहे, पण अर्धेच. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम १६८ सांगते की मालकाने ठरावीक बक्षीस जाहीर केले असेल, तर सापडणारा त्यासाठी दावा लावू शकतो आणि बक्षीस मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवू शकतो. सावकाराच्या दवंडीला इथे पूर्ण कायदेशीर वजन आहे. बक्षीस जाहीर केले नसेल, तर सोसलेल्या त्रासाची भरपाई मिळेपर्यंत वस्तू अडवता येते, पण भरपाईसाठी दावा लावता येत नाही. रिक्षात विसरलेली पिशवी परत करायला गडहिंग्लजपर्यंत धावलेल्या चालकाला पिशवी हातातून गेल्यावर पेट्रोलचे पैसेसुद्धा हक्काने मागता येत नाहीत.

जाहीर बक्षिसाची वाटही निसरडी आहे. १९१३ साली अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे आलेले लालमन शुक्ल विरुद्ध गौरी दत्त हे प्रकरण कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवले जाते. मालकाचा पुतण्या घरातून निघून गेला. नोकराला शोधायला हरिद्वारकडे पाठवले. तो निघाल्यानंतर मालकाने ५०१ रुपयांचे बक्षीस जाहीर केले. नोकराने मुलगा शोधून काढला, पण जाहीर केलेले बक्षीस त्याला मिळाले नाही. कारण मुलगा सापडला तेव्हा त्याला बक्षिसाची खबरच नव्हती, म्हणून करार झालाच नाही. तर्क बिनचूक आहे. पण वणवण करून मूल शोधणारा जाहीर बक्षिसाला मुकला आणि शब्द देणाऱ्याचे ५०१ रुपये वाचले, हे वाचून आजही चीड येते. त्या दिवशी तिथे कायदा होता, रब्बी नव्हता.

जमिनीखालच्या धनाबाबत आपला कायदा कितीतरी उदार आहे. १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले की जिल्हाधिकाऱ्याला कळवायचे. मूळ मालक पुढे आला नाही आणि जागेचा मालक हक्क सांगू लागला, दोघांत तोड निघाली नाही, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एक चतुर्थांश. सरकारला ते धन हवे असेल तर मालाच्या किमतीवर एक पंचमांश जास्त मोजायचे. टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकाडात मिळालेली पोसायडनची रोमन कांस्यमूर्ती पाहिलेल्या कोल्हापूरकराला आपल्या पायाखाली काय काय दडले आहे, हे वेगळे सांगायला नको. पण न्याय असा विचित्र की टेकाडात सापडले तर हिस्सा आणि महाद्वार रोडवर सापडले तर काही नाही. बेवारस मालाबद्दल महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये तरतुदी आहेत. धनी आलाच नाही तर माल शेवटी सरकारकडे जातो.

इथे तालमूद या मिश्नावरच्या भाष्यग्रंथातली एक कथा आठवते. सिकंदर एका दूरच्या राजाच्या दरबारात बसला होता. दोन शेतकरी वाद घेऊन आले. एकाने दुसऱ्याकडून जमीन घेतली होती आणि तिच्यात धन निघाले. घेणारा म्हणे, ‘मी जमीन घेतली, धन घेतले नाही.’ विकणारा म्हणे, ‘मी जमीन विकली ती आतल्या सगळ्यासकट.’ धन नको म्हणून भांडणारी माणसे! राजाने विचारले तेव्हा कळले, एकाला मुलगा आहे, दुसऱ्याला मुलगी आहे. तो म्हणाला, त्यांचे लग्न लावा आणि धन त्यांना द्या. सिकंदर चकित झाला. तुझ्या देशात काय केले असते, असे राजाने विचारले. सिकंदर म्हणाला, ‘दोघांना मारून धन खजिन्यात जमा केले असते.’ तेव्हा राजाने विचारले, ‘तुमच्याकडे ऊन पडते? पाऊस येतो? गुरेढोरे आहेत?’ सगळ्याला होकार आला. ‘मग तो पाऊस तुमच्यासाठी पडत नसणार, त्या गुरांसाठी पडत असणार,’ राजा म्हणाला. हाव सावकारालाच असते असे नाही. ती खजिन्यालाही असते.

कोल्हापूरने रब्बीसारखा चतुर न्याय पाहिला आहे आणि तो कथेतला नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नोकरीला होते. सवर्णांच्या हौदातल्या पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना महाराजांच्या गैरहजेरीत बेदम मारहाण झाली. महाराजांनी परतल्यावर मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना भांडवल देऊन हॉटेल काढायला लावले. ‘सत्यसुधारक’ नावाचे ते हॉटेल भाऊसिंगजी रस्त्यावर उभे राहिले. गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. ज्यांना महाराजांची मर्जी हवी होती, त्यांना कपाला तोंड लावणे भाग पडले. मानाची आणि पदाची हाव महाराजांनी समतेच्या कामाला जुंपली. रब्बीने सावकाराच्या खोट्याला जसे कामाला लावले, तसेच.

पण या प्रसंगाच्या आठवणीत पुढचा भाग बहुधा गळून पडतो. महाराज चहावर थांबले नाहीत. १९१९ मध्ये त्यांनी हुकूम काढले की सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने, सरकारी कचेऱ्या यांत अस्पृश्यता पाळायची नाही. रोज एका हॉटेलासमोर राजाची गाडी उभी राहू शकत नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते. युक्तीने वाट उघडली आणि हुकुमाने ती उघडी ठेवली. आज शाहूंचे नाव घेणाऱ्या प्रत्येक सत्ताधाऱ्याने यातला दुसरा भाग आधी आठवायला हवा.

म्हणून ही मागणी. सापडलेली वस्तू परत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण मिळाले पाहिजे. नवरात्रात अंबाबाईच्या दारात, चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर, दिवाळीआधी गुजरीत, मध्यवर्ती बसस्थानकावर बारा महिने किती मंगळसूत्रे, पाकिटे, पिशव्या पडत असतील, याचा अंदाज कोणालाही करता येईल. ‘रिक्षाचालकाचा प्रामाणिकपणा’ ही चौकटीतली बातमी वर्तमानपत्रांत नेमाने येते, फेटा-नारळ होतो, फोटो निघतो. ते व्हावेच. पण पोलीस ठाण्याची पायरी चढताना ‘यात आणखी होते’ असे मालक म्हणाला तर काय, ही धास्ती फेट्याने जात नाही. हातावर पोट असणाऱ्याचा एक बुडालेला रोज आणि एक संशयी प्रश्न, एवढे त्याला पुढच्या वेळी मान वळवायला पुरेसे आहे.

जगात हे करून दाखवलेले आहे. जपानच्या कायद्यात परत करणाऱ्याला वस्तूच्या किमतीच्या पाच ते वीस टक्के मागण्याचा हक्क आहे आणि तीन महिन्यांत मालक आला नाही तर वस्तूच त्याची होऊ शकते. जर्मनीच्या दिवाणी संहितेत पाचशे युरोपर्यंत पाच टक्के आणि त्यावरच्या रकमेवर तीन टक्के ठरलेले आहेत. आपल्या रेल्वे सुरक्षा दलाचे ‘ऑपरेशन अमानत’ विसरलेले सामान प्रवाशांपर्यंत पोहोचवते. म्हणजे नोंदीची शिस्त आपल्याला जमत नाही असेही नाही. अपघातातल्या जखमीला दवाखान्यात नेणारा पोलिसांच्या फेऱ्यात अडकू नये, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांवर शिक्कामोर्तब केले आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. त्यामागे एका संस्थेने २०१२ मध्ये केलेली जनहित याचिका होती. जखमीला उचलणाऱ्यासाठी जे केले, ते थैली उचलणाऱ्यासाठी का करू नये?

काहीजण म्हणतील, प्रामाणिकपणाचा मोबदला ठरवला की तो प्रामाणिकपणा राहत नाही. हे पोट भरलेल्याचे बोलणे आहे. पाच टक्क्यांसाठी कोणी परत करत असेल तर पंचाण्णव टक्के मालकाच्या घरी पोहोचतात, त्यात कोणाचे नुकसान? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : सापडलेल्यातले थोडे काढून उरलेले परत करणारा यातून सुटेल. सुटेल, क्वचित. म्हणून दार पूर्ण बंद करू नये. सीसीटीव्ही, बँकेची पावती, त्रयस्थ साक्षीदार असा स्वतंत्र पुरावा असेल तर चौकशी जरूर व्हावी. नुसत्या मालकाच्या तोंडच्या आकड्यावर मात्र नाही.

यातला काही भाग तर उद्यापासून करता येईल आणि त्याला विधानसभेचीही गरज नाही. वस्तू जमा करायला आलेल्यासमोर, दोन साक्षीदारांच्या देखत रक्कम मोजावी, दागिन्याचे वजन करावे, फोटो काढावा आणि सही-शिक्क्याची पावती त्याच्या हाती द्यावी. मालकाने वस्तू पाहण्याआधी आपला आकडा आणि खुणा लिहून द्याव्यात. सावकाराला ‘नऊशे’ म्हणण्याची संधी मिळाली ती आठशे मोजून झाल्यावर. आकडा आधी लिहून घेतला असता तर त्याला खोटे बोलायला जागाच उरली नसती. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीने नवरात्राच्या बंदोबस्तात, एसटीने आगारात, पोलिसांनी प्रत्येक ठाण्यात हे सुरू करायला एक कोरे पावतीपुस्तक पुरे आहे. हक्काची टक्केवारी आणि चौकशीपासूनचे संरक्षण यांसाठी मात्र कायदा लागेल. पोलीस अधिनियम राज्याच्याच हातात आहे.

आणि सरकार हलले नाही तर? कोल्हापूरच्या वकिलांनी कित्येक दशके लढून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच मिळवले. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे तिथे चालतात, तेही गंगारामांचे हॉटेल होते त्याच भाऊसिंगजी रस्त्यावर. जखमींना मदत करणाऱ्यांसाठी जशी याचिका झाली, तशी याचिका आता मुंबईला न जाता इथेच दाखल करता येईल. ती पहिल्यांदा कोणता तरुण वकील लिहून काढतो, एवढेच बाकी आहे.